वेर्ण्याच्या पठारावरची दुसरी मुलाखत

२०२२ च्या जुलै महिन्यात गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कंपनीत मी गुणवत्ता नियंत्रण विभागातील केमिस्टच्या जागेसाठी मुलाखत दिली आणि ती अकरा मिनिटांत आटोपली. अकरा हा आकडा माझ्या नेमका लक्षात आहे, कारण समोरच्या भिंतीवरील घड्याळाखेरीज कोठे पाहावे हे मला त्या वेळी सुचत नव्हते. त्यानंतर दोन वर्षांनी, पुन्हा जुलैमध्येच, त्याच पठारावरील दुसऱ्या एका कंपनीत मी जवळजवळ पन्नास मिनिटे बसले. या दुसऱ्या मुलाखतीआधी मला तीन आठवडे मिळाले होते आणि त्या काळात मी काय केले, त्यातील काय उपयोगी पडले आणि काय फुकट गेले, ते येथे लिहीत आहे.

पहिल्या वेळचे थोडक्यात सांगते. माझे घर सत्तरी तालुक्यात, केरी येथे आहे. तेथून साखळी, साखळीहून पणजी आणि पणजीहून मडगावच्या दिशेची बस असा वेर्ण्याचा रस्ता. झुवारी नदीवरील नवा पूल तेव्हा खुला झालेला नव्हता. त्याची एक बाजू त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस वाहतुकीला मिळाली. त्यामुळे जुन्या पुलाच्या अलीकडे, आगशीजवळ, बस पाऊण तास अडकून पडली आणि मी भिजलेल्या ओढणीने व लाल चिखलाने माखलेल्या सलवारीने दहा मिनिटे उशिरा पोहोचले. घरी येऊन सगळा दोष मी पुलाला दिला आणि कित्येक महिने त्यावरच समाधान मानले. खरे कारण वेगळे होते. ‘स्वतःविषयी सांगा’ असे म्हटल्यावर मी इंटरनेटवरून उतरवून घेऊन पाठ केलेला इंग्रजी परिच्छेद एका दमात म्हणून दाखवला, ज्यात मी मेहनती होते, सर्वांना सांभाळून घेणारी होते आणि आव्हाने मला आवडत होती. समोरच्या गृहस्थांनी तो शांतपणे ऐकून घेतला, माझ्या बायोडेटावरील ‘एचपीएलसीमध्ये प्रावीण्य’ (एचपीएलसी म्हणजे बारीक कणांनी भरलेल्या ‘कॉलम’ नावाच्या नळीतून द्रावण दाबाने सोडून त्यातील घटक वेगळे करून मोजण्याचे तंत्र) या ओळीवर पेन टेकवले आणि विचारले, “कोणता कॉलम वापरला होता?” मी सी-१८ असे म्हणाले. “लांबी? कणांचा आकार?” मला आठवेना. ज्या कॉलमवर मी चार महिने काम केले होते, त्याच्या लेबलावरील आकडे मला सांगता आले नाहीत. पेन पुढच्या ओळीकडे गेलेच नाही.

त्या धक्क्यानंतर मी एका व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात साडेचार हजार रुपये भरून दोन रविवार घालवले. तेथे हस्तांदोलन किती घट्ट असावे, खुर्चीत किती पुढे सरून बसावे, याचा सराव करून घेतला आणि फळ्यावर तीन आकडे लिहिले: ५५, ३८ आणि ७. माणसाच्या बोलण्यात देहबोलीचा वाटा ५५ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि शब्दांचा केवळ ७ टक्के, असा त्याचा अर्थ आम्हाला सांगण्यात आला. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे बेरीज बरोबर शंभर झाली की मला संशयच येतो. पुढे वाचले तेव्हा कळले, की हे आकडे आल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधील प्रयोगांतून आले आहेत, त्या प्रयोगांत बोलणाऱ्याचे शब्द, स्वर आणि चेहरा एकमेकांशी जुळत नसतील तर ऐकणारा त्याच्या भावनेचा अंदाज कशावरून बांधतो एवढेच पाहिले होते आणि हे सूत्र सरसकट सगळ्या संभाषणाला लावू नये असे खुद्द मेहराबियन यांनीच म्हटले आहे. कॉलमची लांबी विचारणाऱ्या माणसाला ५५ टक्के देहबोलीने उत्तर देता येत नाही, हे मला वेर्ण्यालाच कळून चुकले होते. ताठ बसण्याची सवय तेवढी लागली, ती मात्र अजून टिकून आहे.

मधली दोन वर्षे मी पाणी तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत कंत्राटावर काम केले. कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, पीएच, हेच रोजचे. काम साधे असले तरी नोंदवही लिहिण्याची शिस्त तेथे लागली आणि तिचा पुढे कसा उपयोग झाला ते ओघाने येईलच. जून २०२४ च्या अखेरीस दुसऱ्या कंपनीची मेल आली आणि मुलाखतीची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

तयारीची सुरुवात मी बायोडेटापासून केली, पण भर घालण्यासाठी नव्हे. प्रत्येक ओळीसमोर, त्या ओळीवरून विचारता येतील असे तीन प्रश्न मी पेन्सिलीने लिहिले आणि ज्या ओळीच्या तीनही प्रश्नांना उत्तर देता येईना ती ओळ खोडली. ‘गॅस क्रोमॅटोग्राफीचे ज्ञान’ ही ओळ अशा रीतीने गेली, कारण ते उपकरण विद्यापीठात सरांनी एकदा चालवून दाखवले होते आणि मी मागच्या रांगेत उभी होते. ‘नेतृत्वगुण’ गेले. ‘एचपीएलसीमध्ये प्रावीण्य’ ही ओळ मी मोडून नव्याने लिहिली: पॅरासिटामॉल आणि कॅफिन यांचे एचपीएलसीवर एकाच वेळी परिमाणन, एम.एस्सी. प्रकल्प, गोवा विद्यापीठ. मग माळ्यावरची जुनी नोंदवही काढली. तिला कसर लागली होती, पण आकडे शाबूत होते: २५० मिलिमीटर लांबी, ४.६ मिलिमीटर आतील व्यास, ५ मायक्रॉन कण. दोन पानांचा बायोडेटा सव्वा पानावर आला. तो इतका रोडावलेला पाहून मला काळजी वाटली हे कबूल करते, परंतु त्यातील कोणत्याही शब्दावर कोणी पेन टेकवले तरी भीती नाही, ही भावना माझ्यासाठी नवी होती.

दुसरी अडचण भाषेची होती, आणि माझ्यासारख्या अनेकांची ती असते म्हणून जरा सविस्तर लिहिते. चौथीपर्यंत मी गावातील सरकारी मराठी शाळेत शिकले आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेले. घरी कोकणी, वर्तमानपत्र मराठी, पाठ्यपुस्तके इंग्रजी. आकडेमोड करताना माझ्या मनात आजही मराठी पाढेच चालतात. मला इंग्रजी येत नाही असे नाही, पण घाबरल्यावर इंग्रजी वाक्यातील दुसरे पद तोंडात येईपर्यंत पहिले निसटलेले असते. पाठांतर मी त्या भीतीपोटी केले होते आणि पाठ केलेल्या उत्तराची मोठी खोट अशी, की मध्येच कोणी काही विचारले की सारे उत्तर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करावे लागते.

या वेळी मी उलट दिशेने निघाले. रात्री जेवणे झाल्यावर आई फणसाच्या आठळ्या सोलत बसायची. तिच्यासमोर बसून मी माझा प्रकल्प तिला कोकणीत सांगू लागले. तिचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले आहे. डोकेदुखीच्या गोळीत दोन औषधे मिसळलेली असतात आणि प्रत्येकाचे प्रमाण गोळीवर लिहिल्याइतकेच आहे की नाही हे कसे ओळखायचे, येथून मी सुरुवात केली. तिने हातातील सुरी न थांबवता एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: “आनी मागीर?” (आणि मग?) गोळी कुटली. आनी मागीर? द्रावणात विरघळवली, गाळली. आनी मागीर? एका बारीक नळीतून दाबाने पुढे सोडली, तेव्हा एक औषध लवकर बाहेर पडले आणि दुसरे मागे रेंगाळले. “तें कित्याक रेंगाळ्ळें?” (ते का रेंगाळले?) या प्रश्नाशी मी अडले. पुस्तकातील इंग्रजी व्याख्या मला येत होती, पण नळीतील कण एका औषधाला अधिक धरून ठेवतात आणि दुसऱ्याला कमी, ही साधी गोष्ट मी आजवर स्वतःच्या शब्दांत कधी उच्चारलीच नव्हती. चार रात्री हे चालले. पाचव्या दिवशी तीच हकिकत मी खोलीत एकटीने इंग्रजीत सांगून पाहिली, तेव्हा वाक्ये आखूड झाली होती, व्याकरण कोठे कोठे लंगडत होते, परंतु धागा तुटत नव्हता.

याच बैठकीत ती एक गोष्ट बाहेर आली जी मी कोणाला सांगत नसे. प्रकल्पाच्या दुसऱ्या महिन्यात, फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारे क्षारांचे द्रावण) वापरून झाल्यावर आधी पाण्याने न धुता मी कॉलममधून सरळ ॲसिटोनायट्राइल हा द्रावक सोडला होता. फॉस्फेट क्षार ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळून राहत नाहीत, ते आतच खडे धरतात. पडद्यावरील दाबाचा आकडा १२० बारवरून चढत चढत तीनशेच्या पलीकडे गेला आणि पंप आपोआप बंद पडला. त्या क्षणी प्रयोगशाळेत दुसरे कोणी नव्हते. आईने सुरी खाली ठेवली. “सरांक सांगलें?” सांगितले होते, पण लगेच नव्हे, दुपारनंतर. सरांनी रागावण्याऐवजी कॉलमला कोमट पाणी अगदी मंद गतीने रात्रभर द्यायला लावले आणि सकाळी दाब बराचसा उतरला. हा प्रसंग मुलाखतीत लपवायचा की सांगायचा यावर मी दोन दिवस विचार केला. शेवटी असे ठरवले, की आपण होऊन काढायचा नाही, पण चूक विचारली तर हीच सांगायची आणि त्यातील ‘दुपारनंतर’ही वगळायचे नाही.

वाचनासाठी मी दोन शनिवार पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसले. १८३२ मध्ये सुरू झालेले हे ग्रंथालय कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे सत्तरीहून येणाऱ्याला ते सोयीचे पडते. औषधनिर्मितीच्या दर्जाचे नियम सांगणारा ‘शेड्यूल एम’ केंद्र सरकारने २८ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने नव्याने मांडला होता. तो मी मोबाइलवर उतरवून घेऊन तेथे शांतपणे वाचला. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने औषध कंपन्यांना पाठवलेली इशारापत्रे त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात, तीही चाळली. ती वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, की ज्या चुकांवर तेथे बोट ठेवलेले असते त्यांपैकी पुष्कळशा रसायनशास्त्राच्या नसतातच. कोणीतरी चाचणी पुन्हा केली आणि पहिली नोंद फेकून दिली, कोणीतरी दिवसअखेर आठवून आकडे भरले, कोणीतरी दुसऱ्याच्या नावाने संगणकात शिरले, असे ते प्रकार असतात. नोंद कोणी केली ते कळले पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, त्याच वेळी केलेली, मूळ आणि अचूक असली पाहिजे, या पाच अटींना या क्षेत्रात ‘अल्कोआ’ म्हणतात. पाण्याच्या प्रयोगशाळेत आम्ही हे नाव न घेता त्यांपैकी चार पाळत होतो. संगणकाचा पासवर्ड मात्र आम्हा तिघांत एकच होता, हेही मला तेथेच बसल्या जागी आठवले.

कपड्यांचा प्रश्न मी लवकर निकालात काढला: फिकट निळा सुती कुर्ता, गडद सलवार, म्हणजे चिखल उडाला तरी दिसू नये, आणि बूट पिशवीत. वाद झाला तो हातांवरून. औषध कारखान्याच्या आत अंगठी, बांगडी, नखांचा रंग, यांतले काही चालत नाही, म्हणून मी नखे कापली, रंग पुसला आणि बांगड्याही काढल्या. कोरे हात घेऊन चांगल्या कामाला जाऊ नये, असे आईचे म्हणणे. शेवटी एक बांगडी गेटपर्यंत हातात ठेवायची आणि तेथे उतरवायची, अशी तडजोड झाली आणि मी ती पाळलीही. ते कोणाच्या ध्यानात आले की नाही, मला सांगता येणार नाही.

मुलाखतीच्या आधीच्या रविवारी मी वेर्ण्याला जाऊन आले. ही फेरी केली नसती तर पुन्हा घोळ झाला असता. पणजी-मडगाव ही कदंब परिवहनची शटल वाटेत थांबत नाही, त्यामुळे घाईत तिकीट काढून तिच्यात बसले तर माणूस थेट मडगावात उतरतो. वेर्ण्याला उतरण्यासाठी कुठ्ठाळीवरून जाणारी, थांबे घेणारी बस धरावी लागते. वसाहत पठारावर पसरलेली आहे, रस्ते एकसारखे दिसतात आणि प्लॉटचे क्रमांक ओळीने येतीलच असा भरवसा नाही. हायवेवर उतरून मी एका मोटारसायकल पायलटला, म्हणजे भाडे घेऊन मागे बसवून नेणाऱ्याला, प्लॉट क्रमांक सांगितला. तो दोनदा चुकला आणि तिसऱ्यांदा फाटकासमोर नेऊन म्हणाला, की कंपनीचे नाव सांगितले असते तर पहिल्याच फेरीत आणले असते. रविवार असल्यामुळे सुरक्षारक्षकाला वेळ होता. अर्ज गेटवरच भरावा लागतो, मोबाइल जमा करावा लागतो आणि मूळ प्रमाणपत्रे पाहतात, हे त्याने सांगितले.

मुलाखतीच्या दिवशी मी चाळीस मिनिटे आधी पोहोचले. नव्या पुलावरून बस कोठेही न अडकता गेली होती. चार पानांचा अर्ज भरताना एम.एस्सी. उत्तीर्ण झाल्याच्या वर्षाच्या रकान्यात २०२२ ऐवजी मी २०२१ लिहिले. हात आपोआप चालला: चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, शेजारी बरोबर वर्ष, आद्याक्षरे आणि त्या दिवसाची तारीख. शेजारचा उमेदवार व्हाइटनर मागत होता. मी काही विशेष केले आहे असे मला वाटले नव्हते, उलट खाडाखोड झाली म्हणून मी खट्टू होते.

आत तिघे होते. गुणवत्ता नियंत्रणाचे प्रमुख, गुणवत्ता हमी विभागातील एक मॅडम आणि एचआरचा एक तरुण अधिकारी. प्रमुखांनी बायोडेटा बाजूला ठेवून अर्जच उचलला, त्या रेघेवर बोट ठेवले आणि विचारले, “येथे सही कशासाठी केली?” मी म्हणाले की सवय आहे. “ही सवय कोठे लागली?” तेथून बोलणे सुरू झाले ते पाण्याची प्रयोगशाळा, नोंदवही आणि अल्कोआ असे सरकत गेले. मॅडमनी विचारले, की तुमच्या सध्याच्या ठिकाणी यातील काय पाळले जात नाही. मी क्षणभर थांबले, कारण जेथे अजून काम करत होते त्या जागेची निंदा करायची नव्हती आणि खोटेही सांगायचे नव्हते. संगणकावर प्रत्येकाचे वेगळे लॉगिन नाही एवढेच मी सांगितले, त्यामुळे नोंद कोणी केली हे पुढे सिद्ध करता येणार नाही, असे कारण दिले आणि तेथेच थांबले. ‘स्वतःविषयी सांगा’ हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

चुकीविषयीचा प्रश्न मात्र आला. मी बफर, ॲसिटोनायट्राइल, चढणारा दाब हे सगळे सांगितले. “मग काय केले?” असे प्रमुखांनी विचारले तेव्हा मला हसू आवरावे लागले, कारण हा प्रश्न घरी आठळ्यांच्या ढिगासमोर वीस वेळा विचारला गेला होता. सरांना कळवायला दुपार उजाडू दिली, हेही मी सांगितले. त्यांनी त्यावर काही मत दिले नाही, फक्त कागदावर काहीतरी टिपले. पुढे धारणकाळ (घटक कॉलममधून बाहेर पडायला लागणारा वेळ) सरकण्याची कारणे, मर्यादेबाहेरचा निकाल आल्यावर पहिले पाऊल, असे प्रश्न झाले. एका ठिकाणी मी घसरले. उपकरण योग्य चालते आहे हे पाहण्यासाठी प्रमाणित द्रावण किती वेळा सोडायचे, याला मी ठामपणे सहा असे उत्तर दिले. प्रमुखांनी “नेहमीच सहा?” असे विचारून मला एक संधी दिली होती आणि मी “हो” म्हणून ती घालवली.

पगाराच्या अपेक्षेचा प्रश्न एचआरने विचारला. विद्यापीठातील दोन मैत्रिणींना आधी विचारून ठेवले असल्यामुळे मी २२ हजार असा आकडा सांगितला आणि पुढे गप्प बसले. गप्प बसण्याचा सरावही मी केला होता, कारण एरवी आकडा सांगितल्यावर आपणच तो खाली आणायची मला खोड आहे. शेवटी मला काही विचारायचे आहे का असे म्हटल्यावर मी नव्या केमिस्टला स्वतंत्रपणे चाचणी करू देण्याआधी किती काळ आणि कशा प्रकारे शिकवतात, हे विचारले. मॅडमनी त्याला पाच मिनिटे उत्तर दिले आणि ते ऐकताना त्या संपूर्ण मुलाखतीत मी पहिल्यांदा आरामात बसले.

परतीच्या बसमध्ये मला विचारलेले सारे प्रश्न मी आठवतील तसे वहीत उतरवले. रात्री “नेहमीच सहा?” या प्रश्नाचे उत्तर शोधले. अमेरिकन फार्माकोपिया या औषधमानकांच्या ग्रंथाप्रमाणे, त्या औषधाच्या मोनोग्राफमध्ये (मानक-नोंदीत) वेगळे सांगितलेले नसल्यास, सापेक्ष प्रमाण विचलनाची (निकाल एकमेकांपासून किती फाकतात याच्या मापाची) मर्यादा २.० टक्के किंवा त्याहून कमी असेल तर पाच वेळच्या निकालांवर ते काढतात आणि मर्यादा त्याहून जास्त असेल तर सहा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एचआरला चार ओळींची मेल लिहिली. वेळ दिल्याबद्दल आभार मानले, माझे एक उत्तर अपुरे होते असे सांगून बरोबर उत्तर लिहिले आणि ते प्रमुखांपर्यंत पोहोचवण्याची विनंती केली. मैत्रिणीने याला आगाऊपणा म्हटले. मला नोंदीतील चूक एका रेघेने खोडण्यासारखेच ते वाटले.

त्या मेलला उत्तर आले नाही. अकरा दिवसांनी फोन आला तेव्हा मी नायट्रेटची चाचणी करत होते आणि हातात पिपेट असल्यामुळे तो उचलता आला नाही. दुपारी मी परत फोन केला. सहा महिन्यांचा प्रोबेशन काळ, पगार मी सांगितलेल्यापेक्षा दीड हजाराने कमी आणि वाळपईच्या बाजूने कंपनीची बस नाही, असे त्यांनी एका दमात सांगितले. मी बसविषयी पुन्हा विचारून पाहिले. नाहीच म्हणाले. मग मी हो म्हटले आणि पणजीत भाड्याची खोली बघायला लागले.